मानोंगचा उघडा चेहरा

हारो, इलोइलो
सप्टेंबर अखेर

प्रिय पेतांग,

गेल्या दोन्ही रविवारी तुझा फोन वाजत होता आणि मी समोर बसून तो वाजू दिला. नंतर "बाजारात गेले होते गं" असं लिहून पाठवलं, ते खोटं होतं. फोनवर तू चेहरा बघतेस, आणि माझ्या चेहऱ्याला तुझ्यापासून काही लपवता येत नाही. शिवाय एलिसेओ, तुझा थोरला भाऊ, तुझा मानोंग, शेजारी बसून खुणा करत असतो, हे सांगू नकोस, ते सांगू नकोस. म्हणून हे कागदावर. कोपऱ्यावरच्या नेलीची मुलगी गुरुवारी तुमच्या विनिपेगला परत निघाली आहे, तिच्याजवळ कुरकुरीत बिस्कोचोच्या डब्याबरोबर देते आहे. डबा सगळ्यांसमोर उघड, पण पत्र एकटी असताना वाच.

कुठून सुरुवात करू? तू इथून गेलीस तेव्हा एलिसेओ आपल्या दुकानात मास्क लावून बसायचा, ते तुला आठवत असेल. तेव्हा सगळेच लावत होते. तुझी किडनी त्याच्या अंगात रुजून तीन-चार वर्षं झाली होती, आणि ती टिकावी म्हणून त्याला जी औषधं घ्यावी लागतात ती अंगातली रोगाशी लढायची ताकदच मारून टाकतात, साधं पडसंही अशा माणसाला आडवं करतं, हे डॉक्टरांनी आपल्या दोघींना बसवून समजावलं होतं. साथीच्या दोन वर्षांत मी पिठाच्या पिशव्यांचे मास्क शिवले, उकळून दोरीवर वाळत घातले. आपल्या गल्लीतून चार माणसं गेली, आणि तो राहिला. मी रोज म्हणायची, पेतांगची ठेव आहे, जपायला हवी.

मग नियम उठला. आधी अर्ध्या गल्लीचे मास्क गेले, मग उरलेल्यांचे, आणि शेवटी एलिसेओ एकटा राहिला. तुझा रविवारचा फोनही तो दुकानात बसून, मास्क लावूनच घ्यायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गर्दीत जाल तिथे तुम्ही लावायचाच, इतरांचं बघू नका. इतरांचं न बघणं सोपं होतं गं, पण इतर त्याच्याकडे बघायचे ना! जीपनीत तो चढला की बायका पोरांना ओढून पलीकडच्या बाकावर न्यायच्या. एकीने तर तोंडावर विचारलं, "काय हो, क्षय झालाय का? मग वेगळी गाडी करून जावं माणसाने." गल्लीतला तिबो रोज सकाळी सिगारेट घ्यायला यायचा आणि दुकानाच्या जाळीतून ओरडायचा, "एलिसेओ, तोंडाला कुलूप तू लावलंयस की अदेल्फाने? किल्ली दे, मी उघडतो!" आणि सगळे हसायचे. एलिसेओही हसायचा. मास्कच्या आत हसलेलं कुणाला दिसत नाही, म्हणून तो मुद्दाम मोठ्याने हसायचा.

मी म्हटलं, एकदा सांगून टाक ना त्यांना. गल्लीला वाटत होतं, मनिलाला त्याचं पोटाचं कसलंसं ऑपरेशन झालं. तर तो म्हणाला, "किडनीचं सांगितलं की लोक आवाज खाली करतात. माझ्याशी बोलताना मी गेल्यासारखंच बोलतात. त्यापेक्षा मास्कवाला वेडा म्हणून हसू देत."

माझं स्वतःचंही तुला सांगायला हवं. सुरुवातीला मीही त्याच्याबरोबर लावत होते. मग बाजारात मासळीवाल्या मला बघून आपसांत बोलायला लागल्या, "ही बघा, हिला अजून कुणी सांगितलं नाही वाटतं, साथ संपली म्हणून." एके दिवशी कोळंबीचा भाव करताना मी तो हनुवटीवर ओढला, दुसऱ्या दिवशी पिशवीत ठेवला, आणि मग पिशवीतूनही काढून टाकला. एलिसेओने बघितलं आणि आपला मास्क स्वतःच उकळून वाळत घातला. तेव्हापासून घरात मास्क त्याचा एकट्याचाच झाला.

चुलतभावाच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला फोटो काढायला सगळे पायऱ्यांवर उभे राहिलो. फोटोवाला म्हणाला, "ते मागचे काका, जरा मास्क काढता का? नाहीतर फोटो जुना वाटेल." लोक फिस्सकन हसले. एलिसेओ पायऱ्या उतरला आणि आंब्याखाली जाऊन उभा राहिला, जणू त्याला फोटोत यायचंच नव्हतं. तो फोटो मी तुला पाठवला होता. तू विचारलंस, मानोंग कुठे आहे? मी लिहिलं, तोच तर काढत होता.

पण खरी गोष्ट चर्चच्या गायनमंडळाची. जुने मास्टर गेल्यावर रेनान्ते आलाय, शाळेत संगीत शिकवतो. पोरगा वाईट नाही. फेब्रुवारीतल्या कान्देलारियामातेच्या सणाची मिस्सा आता ते फोनवरून दाखवतात, परदेशातल्या आपल्या लोकांसाठी. तालमीनंतर त्याने एलिसेओला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "काका, तुमचा खर्जातला आवाज आम्हाला हवाच आहे, पण त्या कापडात तो गुदमरतो. आणि बघणारे लिहून विचारतात हो, तिकडे अजून साथ आहे का म्हणून. तुम्हाला चालत असेल तर खांबामागे उभे राहाल का? आवाज येईल, कुणाला दिसणार नाही." एलिसेओने घरी येऊन त्याची नक्कल करून दाखवली. "खांबामागे, काका, खांबामागे!" आणि मग जेवला नाही.

सणाच्या दिवशी मी त्याचा बारोंग सदरा इस्त्री करून दिला. चर्चच्या दारात पोहोचलो तेव्हा आत माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती. तो थांबला, कानांमागच्या दोऱ्या सोडवल्या, मास्कची घडी करून खिशात ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, पेतांग. तो माझ्या शब्दाची वाट बघत होता. मी "घाल" म्हटलं असतं तर त्याने घातला असता, खांबामागे जाऊन उभा राहिला असता. मी म्हटलं, "कॉलर नीट कर."

आणि तो पुढच्या ओळीत उभा राहून गायला. तूही बघितलंस तिकडे. मी काही तुला दोष द्यायला लिहीत नाहीये, पण झालं तसं सांगते. त्या दुपारी तुझा निरोप आला, "मानोंगचा चेहरा किती वर्षांनी बघितला! म्हातारा झालाय, पण काय देखणा दिसतोय!" मी तो त्याला वाचून दाखवला. त्याने तीनदा वाचायला लावला. त्यानंतर मास्क गेला तो गेलाच.

तुला काय सांगू, ते तीन-चार महिने कसे होते! तो तिबोबरोबर बाजारात बाचोय नूडल्स खायला जायचा. जीपनीत ड्रायव्हरशेजारी बसून गप्पा मारायचा. रेनान्तेने त्याला एकट्याने म्हणायच्या ओळी दिल्या, त्या तो कोंबड्यांना दाणे टाकताना घोळवत बसायचा. आणि मी बघत होते. डॉक्टरांचं मला पाठ होतं, तुझी ठेव मला पाठ होती, तरी रोज सकाळी वाटायचं, आजचा दिवस असू दे, उद्या बोलू. त्याला हसताना बघायला मलाही आवडत होतं. नवऱ्याचा चारचौघांत हसणारा चेहरा मलासुद्धा इतक्या वर्षांनी परत मिळाला होता.

पाऊस सुरू झाला तेव्हा त्याला ताप आला. आता जे लिहिते आहे ते मी एलिसेओलाही सांगितलेलं नाही. त्याच्या आधी खोकला मला झाला होता. साधाच होता, मी आल्याचं पाणी प्यायले आणि बरी झाले. घरात त्याच्याजवळ बसून भाजी चिरत होते, तेव्हाही तोंडावर काही नव्हतं. हॉस्पिटलात मी डॉक्टरांना विचारलं, हे कुठून आलं असेल? ते म्हणाले, "चर्चमधून, बाजारातून, घरातून, कसं सांगणार?" घरातून म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, पण मला ऐकू आलं तेवढंच.

फुप्फुसं भरली होती. ती वाचवायची तर किडनी टिकवणारी औषधं कमी करावी लागली, आणि औषधं कमी केल्यावर अंगाने किडनी ओळखली, परकी आहे म्हणून. माणूस वाचला, पण तुझी किडनी गेली, पेतांग. हे वाक्य मी जून महिन्यापासून तुला लिहायला बसते आहे.

आम्ही गिमारास बेटावर आंबे खायला गेलो होतो म्हणून फोन लागत नव्हता, असं तुला सांगितलं, ते हॉस्पिटलातले दिवस होते. नंतर फोनवर तो गळ्याभोवती टॉवेल घेऊन बसायचा, आणि तू चिडवायचीस की मानोंग बॉक्सिंगला निघालाय का. त्या टॉवेलखाली डायलिसिसची नळी होती. आता आठवड्यातून तीनदा जातो. तिथे खोलीत सगळ्यांच्या तोंडावर मास्क असतात, कुणी कुणाला हसत नाही. जरा बरं वाटलं की कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याबरोबर गुणगुणतो. तुझ्यापुढे तोंड दाखवायला मात्र तयार नाही. म्हणतो, "तिने पोट चिरून दिली, आणि मी खर्जातल्या चार ओळींसाठी घालवली. तिला कसं सांगू?"

गल्लीला आता सगळं कळलंय. तिबो आला होता, नाकाखाली मास्क लावून. फाटकाबाहेरच उभा राहिला. मी म्हटलं, ये ना आत. तर म्हणाला, "नको, मी दिवसभर कुठे कुठे फिरतो." मग बराच वेळ फाटकाची कडी हलवत राहिला आणि एकदम माझ्यावरच चिडला, "अगं, सांगायचंत ना आधी! आम्ही काय जनावरं आहोत? सांगितलं असतं तर हसलो असतो का?" मला म्हणायचं होतं, न सांगताच हसायचं थांबवता आलं नसतं का रे? पण मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते? मी त्याला सिगारेटचं पाकीट दिलं. तो गेला.

हे सगळं तुला कधीतरी कळणारच होतं. मी अजून काही महिने लपवलंही असतं, इतकी भित्री मी झाले आहे. पण आता थांबता येत नाही. आमची जर्लिन मागच्या आठवड्यात आली आणि मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "आई, मी तपासणी करून घेतली. बाबांशी जुळतंय. बाबांना अजून सांगू नकोस." आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, "नाही, तू नाही!" ती म्हणाली, "का? पेतांग आत्याने दिली तेव्हा तर तू, बाबा बरे झाले म्हणून, अख्ख्या गल्लीला जेवण घातलं होतंस." पेतांग, तेव्हापासून मला धड झोप नाही. ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचरच्या दोन गाड्या शेजारी शेजारी निघाल्या. मी एलिसेओच्या गाडीबरोबर चालत गेले, मागे वळूनही बघितलं नाही. तुझ्या गाडीजवळ सासूबाई एकट्या होत्या. त्या माझ्याशी पुढे कितीतरी दिवस बोलल्या नाहीत आणि मी त्यांना खडूस म्हणत राहिले. त्या का बोलत नव्हत्या, ते मला जर्लिनने तपासणीचं सांगितल्यावर कळलं. इतक्या वर्षांत मी तुला एकदाही विचारलं नाही, म्हणून आज विचारते. थंडीत ती कूस दुखते का? जड उचलायच्या कामाला तू नाही म्हणतेस, ते त्यामुळेच का? आणि त्या वेळी तू हसत हसत म्हणालीस, "दोन आहेत ना, एक मानोंगला दिली तर काय बिघडलं?" ते तुला खरंच वाटत होतं, की आम्ही सगळे तुझ्या तोंडाकडे बघत बसलो होतो म्हणून म्हणालीस? माझ्या समाधानासाठी उत्तर देऊ नकोस. मला लिहिलं नाहीस तरी चालेल. पण पुढच्या रविवारी जर्लिन तुला फोन करणार आहे, हेच विचारायला. तिला जे खरं असेल ते सांग. भावाला जगवायचं म्हणून हो म्हणू नकोस, आणि माझ्यावरच्या रागाने नाहीही म्हणू नकोस, राग मात्र माझ्यावर वेगळा कर, मी ऐकून घेईन. तिने फोन लावला की मी एलिसेओला घेऊन घराबाहेर जाणार आहे, आणि तिचं तुझ्याशी बोलून होईपर्यंत परतणार नाही. आमच्या तोंडाकडे बघून तिने काही ठरवायला नको.

तुझ्यापुढे मान वर करायची हिंमत नसलेली, तरीही तुझीच,
अदेल्फा