पाटावर बसायचा पट्टा

८ एप्रिल, मंगळवार
डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "झीज आहे मावशी, पट्टा वापरा." संपलं. कोणता पट्टा, किती वेळ, चालताना की बसताना, काही नाही. पुढच्या पेशंटला हाक. गुडघ्यांचा डॉक्टर पहिल्या मजल्यावर बसतो आणि लिफ्ट नाही. बावीस पायऱ्या मोजल्या मी.
२५ ला खडवलीला प्राचीची हळद. भावाची नात. हळदीची गाणी, धवले, मी गाणार. आई गेल्यापासून आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात धवलारीण मीच. म्हणजे पाटावर मांडी घालून तीन तास. सध्या मांडी अर्धीच बसते.

११ एप्रिल
नितीनने न विचारता पट्टा ऑनलाइन मागवला. दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, चार बंद. खोक्यावर डोंगर चढणारा दांडगा पोरगा. माप कुणाचं दिलं? तर स्वतःचं! "आपली हाडं सेमच ना, आई." बायकोला चप्पल घेतानासुद्धा स्वतःचा पाय मोजतो की काय हा.
घालून बघितला. पाय दुमडतच नाही. मला डोंगर चढायचा नाही रे बाबा, पाटावर बसायचंय.

१३ एप्रिल, रवि
नि. बरोबर स्टेशनजवळच्या दुकानात. दुकानदार मला सोडून नि.ला विचारतो, "पेशंटचं वय काय?" म्हटलं, पेशंट समोर उभी आहे, तिला तोंड आहे. तो हसला. नि. पण हसला. मी नाही.
आडोसा नाही, बाईमाणूस नाही. "साडीवरूनच घेतो माप, काकी, सगळ्यांचं तसंच घेतो." साडी, परकर, वर त्याची टेप. कोपरीला घरी पोचेपर्यंत पट्टा पोटरीवर उतरलेला. संध्याकाळी परत गेले तर, "वापरलेला माल घेत नाही."
वापरला कुठे मेल्या, नुसता घसरला!

१७
आज डोकं फिरलं. नि. म्हणतो, गेल्या वर्षी काजलच्या लग्नात तुझे धवले मोबाइलमध्ये घेतलेत. "स्पीकरवर लावू, आई. तू मस्त बाजूला बस. कोणाला कळणार पण नाही."
कोणाला कळणार नाही!
अरे, हळद लावणाऱ्या बाईचा हात थांबला की धवला थांबतो. नवरीच्या मामाला यायला उशीर झाला तर तेवढा वेळ मी ओळ लांबवते. ज्याचा हात पुढे येईल त्याचं नाव ओळीत घालायचं. स्पीकर थांबेल? प्राचीला काजल म्हणेल तो, भर मांडवात.
जेवले नाही. म्हणजे उशिरा जेवले.

२० एप्रिल, रवि
सूनबाईने डोंबिवलीच्या फिजिओ बाईंकडे नेलं. नि.ला बाहेर बसवलं ते बरं केलं. बाई वयाने माझ्या नातीएवढी. पडदा ओढला, उघड्या पायाचं माप घेतलं, गुडघ्याच्या वर, खाली आणि मध्ये. आणि पहिला प्रश्न: "आजी, पट्टा घालून तुम्हाला काय करायचंय?"
बारा दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. एकदम रडूच आलं. मूर्खासारखं.
साधा ताणाचा पट्टा दिला, लोखंड नाही, वाटीच्या जागी भोक. चालायला छान. जिना उतरले, हाय नाही हुय नाही. पण म्हणाली, "मांडी मात्र नाही घालायची, पट्टा घालूनसुद्धा. खुर्चीवर बसून गा ना."
तिच्यावर रागावता येईना, म्हणून जास्तच राग आला. नवरी पाटावर, तिच्यापुढे देवाचा कलश, आणि मी दोघांच्या डोक्यावर खुर्चीत? आई शेवटच्या हळदीला दोघींच्या खांद्यावर हात टाकून आली होती. पण बसली खालीच.

२२
भावाचा फोन. मला वाटलं, हा तरी.
"बाय, खुर्ची मांडून ठेवतंय. तुला कोन काय बोलनार नाय."
कोण काय बोलेल याची भीती मला नाहीच. मलाच बोलायचं आहे, सगळ्यांना. "स्पीकर सांगितलायस का?" विचारलं. गप्प बसला. मग म्हणाला, "तो डीजेसाठी."
खोटं बोलताना लहानपणापासून असाच गप्प बसतो.

२४ एप्रिल, गुरुवार
उद्या सकाळी निघायचं. पट्टा धुऊन वाळवला. सूनबाई बाजारात, नि. कामावर. दार लोटलेलं. पाट काढला, पट्टा घातला, कपाटाला धरून खाली बसले. डावी मांडी पूर्ण, उजवी पाऊण.
कळशीच्या पाण्याचा धवला सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायले. एकही ओळ विसरले नाही. आवाज खालीच बसून लागतो, खुर्चीवर नाही लागत, हे आता कुणी मला सांगू नये.
मग उठायला गेले.
दोनदा गेले. कपाट हाताला येतं, गुडघा येत नाही. वही तेवढी हाताशी होती, म्हणून हे लिहितेय. बाईंनी सांगितलं होतं, माहीत आहे मला.
जिन्यात सूनबाईची चप्पल वाजतेय. हात दे म्हटलं तर हे घरात सगळ्यांना कळेल, आणि उद्या खुर्ची.
उजवा पाय हळूहळू सरळ केलाय. ती दार ढकलेपर्यंत आणखी एकदा उठून बघते.