कोरड्या दिवशीचे चौऱ्याण्णव मिलिमीटर

आदरणीय बापूजीभाऊ यांस धाकट्या साडवाचा रामराम.

तुमची कंबर कशी आहे, कमळाबाईचे गुडघे वळतात का, ते कळवा. इथी आम्ही सगळे जिवंत आहो, त्याच्या पुढचं विचारू नका. तुम्ही माझा फोन उचलत नाई (तुमच्या सूरजच्या लग्नात मी तुमच्या नव्या टोपीवर बसलो तेव्हापासून, पण भाऊ, खुर्चीवर टोपी ठेवते कोण?), म्हणून हे पत्र लच्छू कंडक्टरच्या हाती सिंदेवाहीले धाडून राह्यलो.

कालव्याच्या साहेबानं ग्रामपंचायतीच्या आवारात पाऊस मोजाचं यंत्र बसवलं अन् वाचाचं काम मले देल्लं. वर गाळण्यासारखं तोंड, खाली बाटली, बस्स. सकाळी साडेआठले बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, अन् डोळा पाण्याच्या बरोबरीनं आणून आकडा वाचायचा. माप हातात धरलं की पाणी हलते, म्हणून मी ते ओट्यावर ठेवतो अन् स्वतः गुडघ्यावर बसतो. पहिल्या महिन्यात मी वहीत 'बरा पाऊस' असं लिहिलं, तं साहेबानं असा झापला का सांगता सोय नाई. म्हणे, डोकं लावू नका, बाटलीत आहे तेवढंच लिहा. तेव्हापासून मी डोकं लावत नाई.

आता एकोणीस दिवस झाले, पावसाचा पत्ता नाई. धानाचे पऱ्हे पिवळे पडले, शेतातल्या बांध्या भेगाळल्या, अख्ख्या गावाची रोवणी अडली. कालव्यात पाणी आहे, पण साहेब माझा आकडा पाहूनच दरवाजा उघडते. मी रोज शून्य धाडत होतो, अन् मंगळवारी दरवाजा उघडणार होता. तेवढ्यात आपल्या दोघांच्या सासूबाई, गिरजाबाई, आमच्याकडे राह्यले आल्या.

त्यांनी मले यंत्रापुढं गुडघे टेकलेलं पाह्यलं. झालं! गावभर सांगितलं का हा पावसाचा सरकारी देव आहे, जावई रोज त्याची पूजा करते, पण मेला कोरडीच करते. सोमवारी पोट्ट्यांनी मुसळाले बेंडकी बांधून पाऊस मागाले धोंडी काढली. दरवर्षी बाया बेंडकीवर पाणी टाकतात. औंदा सासूबाईंनी धोंडी वळवली ग्रामपंचायतीकडं, अन् पाच बायांनी पाण्याचा एकेक गडवा यंत्राच्या तोंडात रिकामा केला (माझी बायको कुंता धरून, मले एका शब्दानं बोलली नाई). त्या तोंडात एक लिटर पडलं का पन्नास मिलिमीटर होते, भाऊ! मंगळवारी मोजलं तं चौऱ्याण्णव. आभाळ कोरडं, पायाखाली फुफाटा, पण मी डोकं लावलं नाई. लिहिलं अन् धाडलं.

साहेबानं दरवाजा उघडला नाई. म्हणे, तुमच्याकडं अतिवृष्टी आहे. खरं सांगाले गेलो तं म्हणे, सही तुमची अन् नाव सासूचं? आता गावात तोंड दाखवाची सोय नाई. शेजारचा झाडूजी म्हणते, जावईबापू, माझ्याही बांधीत दोन मिलिमीटर टाका नं. भाऊ, मले रडू येते. माझ्या एका आकड्यापायी साऱ्यांचे पऱ्हे मरून राह्यले.

साहेब तुमच्याच खोलीत भाड्यानं राहतात, कमळाबाईच्या हातचं जेवतात. पाया पडतो, त्यांच्या मागं लागा अन् दरवाजा उघडवा.

तुमचा अभागी,
खुशाल

ता.क. काल बस आलीच नाई, पत्र खिशात राह्यलं. पहाटेपासून इथी धो धो पाऊस आहे. बांध्या तुडुंब, पऱ्ह्यांचे नुसते शेंडे दिसतात. सासूबाई ओसरीत बसून माझ्याकडं पाहून राह्यल्या. यंत्रात मात्र थेंब नाई, कारण काल सांजेले बायांच्या धाकानं मीच त्याच्यावर घमेलं उपडं घालून वर दगड ठेवला होता. साडेआठले पाह्यलं, डोकं लावलं नाई, शून्य धाडलं.

दुसरा ता.क. साहेबाचा आताच फोन आला. म्हणे, तुमची सासूची गोष्ट पटली, वीस दिवस झाले, मले दया आली, आज बारा वाजता तुमच्या गावाचा दरवाजा पुरा उघडतो. मी वरडलो, साहेब, इथी पूर आहे! तं म्हणे, आमच्याकडं ऊन आहे, अन् तुमच्या वहीत शून्य. बापूजीभाऊ, वरची विनंती फाडून टाका. लच्छू दहाले तुमच्याकडं पोचते. साहेब जेवाले बसला असंल तं कमळाबाईले म्हणा, वाढत राहा. ऐकत नसंल तं खोलीले बाहेरून कडी घाला.