बाबांच्या डोंग्यातली बैठक

अमर,

बाबांना घेऊन साकोलीला दवाखान्यात जाते आहे. त्यांचे दोन्ही घोटे काळेनिळे पडले आहेत. भात झाकून ठेवला आहे, जेव.

बाबांचे गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून मी त्यांच्या डोंग्यात फोमची बेताच्या उंचीची बैठक बसवली होती. नदीच्या धारेत डोंगा उलटला तर पाय लगेच सुटावेत, म्हणून पुढची बाजू मोकळी ठेवली होती. तू ती उपटलीस आणि बाबांच्या सत्काराच्या मंडपातली लाल खुर्ची बांधलीस. म्हणालास, "पाहुणे येऊन राहिले, बाबा फोमाच्या तुकड्यावर बसले तं लोक काय म्हणतीन?" ते घसरू नयेत म्हणून त्यांचे पायही खुर्चीला दोराने आवळलेस.

पाहुण्यांसमोर डोंगा उलटला तेव्हा बाबा पाण्याखाली उलटे लटकत होते. मागच्या डोंग्यातल्या दादाजीकाकांनी उडी मारून सुरीने दोर कापला, म्हणून बाबा आज आहेत. ते काठावर पडून खोकत होते आणि तू विचारलंस, "खुर्ची वाहून गेली काय?"

तेव्हा आलेली शिसारी अजून गेलेली नाही. बैठक मी परत बसवेन. तिला हात लावू नकोस.

बाबा म्हणाले, "पोट्ट्याले काही बोलू नको, बाई." म्हणून लिहून ठेवते आहे.

ताई