जड फुटबॉल

मुंबई, ७ फेब्रुवारी १९९१

प्रिय बेबास,

लीलाधरचा आशीर्वाद. लताला गोड पापा, आईला नमस्कार.

मी बरा आहे, खोकलाही थांबला. पोस्टकार्ड कोणीही वाचतं, म्हणून यावेळी पाकीट पाठवतोय.

क्लबातले बूट, जर्स्या, फुटबॉल माझ्याच ताब्यात असतात, हे तुला माहीत आहे. परवा आमचा संघ नेपाळात सामने खेळून परतला. मी फुटबॉल पुसत होतो, तर चार जड लागले. एकाची शिवण उसवली होती. आत प्लास्टिकच्या पुडीत तपकिरी पावडर होती. गर्द, बेबा.

तेवढ्यात मालकाचा माणूस दारात आला. मी म्हणालो, "शिवण उसवलीय, मोच्याकडे देतो."

तो हसला. "राहू दे. तुझी लता नशिराबादच्या शाळेत तिसरीत आहे ना?"

मी त्याला लताचं नाव कधीच सांगितलं नव्हतं. चारही फुटबॉल त्याच्या हातात दिले.

आमचे पगार एक तारखेला कसे होतात, ते आता कळलं. पोरं बिचारी जीव तोडून खेळतात.

आईचे गुडघे कसे आहेत? चालवत नसेल तरी तिला आणि लताला घेऊन आजच सोनगीरला तुझ्या मोतीलालभाऊकडे जा. शाळेत काही सांगू नकोस.

रविवारी सगळे मैदानावर असतील, तेव्हा मी गाडी धरीन. तोवर लीलाधरनं पाठवलंय म्हणून कोणी आलं, तर दार उघडू नकोस. मी कोणालाही पाठवलेलं नाही.

तुझा,
लीलाधर