मोठ्या माशाने गोळी गिळली

बाबा,

जेवण डब्यात आहे, गरम करून… राहू दे, आधी हे.

सकाळी मी दारातून बघत होते. तुम्ही चिमट्यात माशांच्या खाद्याची गोळी धरून ती जिवंत अळीसारखी टाकीच्या पाण्यात नाचवत होतात. मोठ्या माशाने ती थुंकली. तुम्ही म्हणालात, "बरं राजे, पुन्हा." आणि शेवटी गिळली की त्याने! दुकानात अळ्या मिळेनाशा झाल्या, मासे गोळ्यांना तोंड लावेनात, तेव्हा आम्ही सगळ्यांनी हात टेकून टाकी देऊन टाकायचं ठरवलं होतं. एवढा धीर मला तुमच्या मुलाशी बोलतानाही राहत नाही.

टाकी न्यायला येणाऱ्याला मी नको म्हणून कळवलंय.

टाकीपाठोपाठ तुम्हीही घर सोडून निघणार होतात, हे पलंगाखालची भरलेली बॅग बघून कळलं. कपडे मी परत कपाटात लावलेत. रागवायचं असेल तर संध्याकाळी रागवा, मी लवकर येतेय.

तुमची सून