पहाटेचं लग्न आणि जपानी पोस्टमन

मुकुटबनचे तीर्थस्वरूप पूनमसिंग मामा यांस,

गेल्या रविवारी संध्याकाळी सहाला पाच कमी असताना तुमचा भाचा लखन मंडपवाल्याचा समीक्षक झाला. बातमी आधी, नमस्कार मागून, कारण नमस्कार दर पत्रात असतो. तर जय सेवालाल, मामींच्या पाया पडतो, नानीचा गुडघा कसा आहे ते कळवा, आणि तुमच्या तुरीवर अळी पडली नसेल अशी आशा करतो (पडली असेल तर फवारणीचं मला विचारू नका, मी आता कलेच्या बाजूला आहे).

झालं असं. घाटंजीत वाचनालयाच्या हॉलमध्ये चित्रपटप्रेमी मंडळ भरतं. अध्यक्ष नरहरकाका वकील, आणि चर्चा वहीत लिहून घेते ती त्यांची मुलगी ऋचा. (ऋचाबद्दल मागच्या चार पत्रांत आलं आहे. नवीन एवढंच की तिने केस कापले आणि तरी ती तशीच दिसते.) मंडळाला पडदा आणि साउंड मी ज्यांच्याकडे कामाला आहे त्या मंडप डेकोरेशनकडून जातो, म्हणून वायर सांभाळायच्या निमित्तानं मला शेवटच्या रांगेत बसायला मिळतं. त्या दिवशी जपानी कार्टून होतं. बोर्डावर लिहिलं होतं, लहान मुलांना आणू नये. तेव्हाच मी समजलो, प्रकरण भारी आहे. एक पोस्टमन घरोघरी स्वप्नं वाटतो आणि एक दिवस त्याची थैली उलटीपालटी होते. मग मास्तरणीला खाटकाचं स्वप्न पडतं, कोर्टात शिंगवाले मासे साक्ष देतात, रेल्वेचं इंजिन हुंदके देतं, शेवटी त्या पोस्टमनचंच लग्न लागतं, आभाळभर छत्र्या उघडतात, आणि संपलं. दिवे लागले तेव्हा हॉलमध्ये अशी शांतता होती, जशी वरात दुसऱ्याच्याच मांडवात शिरल्यावर होते.

मग चर्चा. नरहरकाका म्हणाले, हे अवचेतन मन आहे. पुण्याला शिकणारा त्यांचा पुतण्या मंदार म्हणाला, हे भांडवलशाहीवरचं भाष्य आहे (त्याला समोसाही भांडवलशाहीवरचं भाष्य वाटतो, पण खातो). शाळेतल्या कुंदाबाई म्हणाल्या, कळलं काही नाही, रंग मात्र पक्के होते. आणि ऋचा म्हणाली, शेवट फसला; इतका अवघड सिनेमा काढला आणि शेवटी लग्न लावून मोकळे झाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मामा, माझं डोकं कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. मी वायर खाली ठेवली आणि उभा राहिलो. "ते लगन नाही. तो मेला."

मंदार म्हणाला, "साउंडवाले, तुम्ही कोणता पिक्चर पाहून राह्यले?"

"सपनात लगन दिसलं म्हणजे मरण. सपनात मेला त उमर वाढली. आमच्या तांड्यात बारक्या पोराले माहीत आहे. पुण्याले शिकवत नाहीत काय?"

मग पुरावे दिले. छत्र्या सगळ्या काळ्या, नवरीचं तोंड एकदाही दाखवलं नाही, आणि वरात निघाली तर वाजंत्री कुठे होती? (वाजंत्रीशिवाय चार माणसं कशाला निघतात हे साउंडवाल्याला कळणार नाही तर कोणाला.) नरहरकाकांनी चष्मा काढला. शेवट पुन्हा लावायला सांगितला, आणि या वेळी कोणाची खुर्चीसुद्धा वाजली नाही. कुंदाबाईंनी पदर डोळ्याला लावला. हे सगळं श्रेय नानीच्या शिकवणीचं आहे, पण ती तिथे नव्हती म्हणून मीच घेतलं.

इथेच खाली बसलो असतो तर बरं झालं असतं. पण ऋचाने विचारलं, "मग तुला कधी दिसलं का स्वप्नात लग्न?" मला खोटं बोलता येत नाही आणि गप्पही बसता येत नाही. म्हणालो, "रोज पहाटे दिसते. तुमचं न माझं. जनरेटरही मीच पाहतो."

वकील समोर, माईक चालू. ऋचा हसली नाही, चिडलीही नाही. वहीत पाहत म्हणाली, "मग तुझ्या नियमानं तू मरणार की मी? पुढच्या रविवारी उत्तर घेऊन ये. तोवर माझ्याशी बोलायचं नाही." नरहरकाका म्हणाले, "तो माईक बंद कर रे." केला. पण वायर गुंडाळताना मी वहीत डोकावलो, मामा. तिथे तिच्या अक्षरात लिहिलं होतं: समीक्षक, लखन राठोड.

आपला भाचा,
वरीलप्रमाणे

ता.क. मी कॉलेज दिवाळीतच सोडलं, हे याडीला सांगायचं राहून गेलं आहे. तुम्ही तिचे थोरले भाऊ, तुमच्या तोंडून बरं दिसेल.

ता.क. दुसरा. खरं काम हे. लग्न दिसलं म्हणजे मरण, हा नानीचा नियम. पहाटेचं स्वप्न खरं होतं, हाही नानीचाच. मग पहाटे लग्न दिसलं तर चालतो कोणता? मी हॉलभर लोकांसमोर तिचा नियम सांगून बसलो आणि आता तिचीच दोन कलमं एकमेकांना भिडली आहेत. सहज बोलता बोलता विचारा. माझं नाव घेऊ नका. मुलगी तांड्याबाहेरची आहे हे तर बिलकूल नको, नाहीतर नानी मुद्दाम मरण सांगेल.

ता.क. तिसरा. फोन केला असता, पण तुम्ही स्पीकरवर टाकता. आज शुक्रवार, टपालात टाकलं तर रविवार निघून जाईल, आणि त्या जपान्यापासून पोस्टमनवर माझा भरवसा राहिलेला नाही. म्हणून पत्र मीच घेऊन येतो. तुम्ही हे वाचाल तेव्हा मी समोर पाणी पीत बसलो असेन. मान वर करू नका, मोठ्यानं वाचू नका, नानी दारातच बसलेली असते. मुकुटबनची एसटी लागली असेल. पेन ठेवतो, चपला घालतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.