दोन शिट्ट्या

॥ श्री ॥

लखनऊ,
१५ नोव्हेंबर १९८१

प्रिय वसुधाताई,

नमस्कार. पार्सल पोचलं. आमसुलं, मेतकूट, देवाची वस्त्रं, सगळं नीट. टपालाला साडेसहा रुपये कशाला घातलेस? इकडे येणाऱ्या कुणाच्या हाती दिलं असतंस. पण आमसुलं इथे हजरतगंजातही मिळत नाहीत, म्हणून रागावत नाही.

यांचं बास्केटबॉलच्या पंचगिरीचं वेड तुला ठाऊक आहेच. हल्ली जोडीला नयना सक्सेना असते, मुलींच्या कॉलेजात खेळ शिकवते. मॅचआधी आमच्याकडे चहा, आणि चहाबरोबर दोघांची ठरवाठरवी. रिंगखाली कोणी बघायचं, मागे कोणी राहायचं. दोघांची शिट्टी एकदम वाजली तर मूठ वर करून थांबायचं, आधी एकमेकांकडे बघायचं. खेळ ज्याच्याकडे येत असेल त्याचा निर्णय, दुसऱ्याने मूठ खाली घ्यायची.

गेल्या रविवारी मी बघायला गेले. नेमकं तसंच झालं. दोन मुठी वर. यांनी तिच्याकडे बघितलं आणि मूठ खाली घेतली, सगळ्या लोकांदेखत. एवढंच. पण घरी येईपर्यंत ते माझ्या मनातून जाईना. इतक्या वर्षांच्या संसारात भाजी कोणती करायची यावरसुद्धा यांनी कधी माघार घेतलेली नाही.

काल ती आली. आमच्या अरुणाला डिसेंबरात अलाहाबादच्या स्पर्धेला नेते म्हणाली.

"जाऊ दे की," हे म्हणाले. "नको," मी म्हणाले. अगदी एकदम.

"मम्मी, आप तो हमेशा मना करती हैं," अरुणा फणकारली.

हे पुढे बोलणार, तोच नयनाने हसत मूठ वर केली. "सर, दो सीटियाँ बज गईं. बिटिया तो दिन भर भाभीजी के पास रहती है. फैसला इनका."

आणि हे वळले. माझ्याकडे बघत राहिले, ताई. तसं बघायला यांना तिने सांगावं लागलं, हे मला सोसत नाही. मी कपबशा उचलून आत गेले.

तेव्हापासून यांनी विषय काढलेला नाही, नुसते थांबलेत. देवापुढे बसले तरी तीच मूठ दिसते. पोर खेळते छान. दुसऱ्या कुणाबरोबर जाणार असती तर मी एव्हाना लाडू वळायला घेतले असते.

नाव महिनाअखेर द्यायचंय. पाठवू की नको, उलट टपाली कळव. नको म्हणणार असलीस तर कारण अरुणाचं लिही, माझं नको.

तुझी,
सुलभा